जपायला दिलेली काडी

माणसाने चोरी करावी. चोरांनाही पोट असतं. पण चोरलेल्या फळाची फोड करून ती त्याच घरच्या बाईच्या हातावर ठेवावी आणि वर मान तिरपी करून विचारावं, "कसं लागलं, पारास्काबाई?" ह्याला काय म्हणायचं ते पारास्का बोइचुकला युक्रेनीतही येत होतं आणि इंग्रजीतही. पण त्यातलं एकही चर्चच्या तळघरात, जुन्या बिशपच्या तसबिरीखाली बसून बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून ती एवढंच म्हणाली, की बरं आहे, जरा जास्त दिवस ठेवलंय.

हे मार्चातलं. बाहेर बर्फ खिडकीच्या तावदानांपर्यंत चढलेला आणि आत घरगुती फळबागवाल्यांच्या मंडळाची वार्षिक सभा. अध्यक्ष लॉर्न पिकेट. हा एकतीस वर्षं गावच्या शाळेचा हेडमास्तर होता, त्यामुळे सगळा गाव त्याला मास्तरच म्हणायचा. मंडळातल्या निम्म्या लोकांना त्याने कधी ना कधी वर्गाबाहेर उभं केलेलं. नोकरी संपली, पण स्वभाव काही निवृत्त झाला नाही. दुसऱ्याच्या बागेत जायचं आणि त्यालाच त्याच्या झाडाची माहिती सांगायची. दुसऱ्याच्या घरच्या ॲपल-पायचा पहिला तुकडा आपण उचलायचा आणि खाऊन झाल्यावर म्हणायचं, कणीक चिवट झालीय. पारास्का तिसरीपर्यंत शिकलेली. एकदा ती सभेत उभं राहून बोलली तर ह्याने मध्येच थांबवून तिचं वाक्य सुधारून दिलं आणि तिला ते पुन्हा म्हणायला लावलं. सत्तरीच्या बाईला. तेही तिने पोटात ठेवलं. पण मार्चातलं पोटात राहण्यासारखं नव्हतं.

बशीतून टूथपिक टोचलेल्या सफरचंदाच्या फोडी फिरल्या. पिवळी साल, एका गालावर लाली, सहा महिने तळघरात राहूनही करकरीत. मास्तरने उभं राहून सांगितलं, की हे आपल्या बागेत बियापासून उगवलेलं झाड, अकरा वर्षांचं. नाव 'पिकेट गोल्ड'. सास्काटून शहरातल्या एका रोपवाटिकेच्या बाईंना नमुना पाठवलाय. त्या उन्हाळ्यात स्वतः येऊन झाड बघणार आणि मनास आलं तर पुढच्या वर्षीच्या यादीत हे नाव छापून येणार. एकदा छापलं की मग देशभर तेच नाव. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पारास्कानेही वाजवल्या. फोड अजून तिच्या गालात होती.

पहिल्या चाव्याला कानशिलापर्यंत झिणझिणणारा आंबटपणा, मग मध, आणि शेवटी जिभेच्या मागे पेअरची चव. बारा हिवाळे तिने ते फळ खाल्लं होतं. तिच्या घरी त्याला ओस्ताप म्हणायचे, कारण तिच्या नवऱ्याने, ओस्तापने, ते लावलं होतं.

ओस्तापने घरामागच्या झुडपांच्या आडोशाला एकशेचाळीस बिया टोचल्या होत्या. पहिल्या हिवाळ्याने नव्वद नेल्या, सशांनी वीस. मग तो उणे अठ्ठेचाळीसचा जानेवारी आला, ज्यात कुंपणाचे खांबसुद्धा रात्री बंदुकीसारखे फुटत, आणि वसंतात त्या ओळीत एकच काठी हिरवी निघाली. लोक म्हणाले, मंडळाच्या वहीत नाव घाल. ओस्ताप म्हणायचा, पोराचा बाप्तिस्मा घाईने करावा लागतो, झाडाचा कशाला? वीस हिवाळे बघू दे त्याला, मग नाव ठेवू. एकोणीस बघितले. विसाव्याच्या आधीच्या जूनमध्ये ओस्तापचं काळीज थांबलं. जुलैत गारा पडल्या आणि गारांच्या जखमांतून झाडात करपा शिरला. फांद्यांची टोकं आगीवर धरल्यासारखी काळी, वाकलेली. करपा लागला की झाड ठेवता येत नाही. बाकीची बाग घेऊन जातं. पारास्काने ते आपल्या हाताने करवतलं आणि आपल्या हाताने जाळलं.

जाळताना तिला एकच आधार होता. त्याच वर्षीच्या मार्चात ओस्तापने त्या झाडाच्या पाच काड्या, पेन्सिलीएवढ्या जाड, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून मास्तरला दिल्या होत्या. सोबत कलम बांधायला दोन खुंटही, म्हणजे मुळासकटची रोपटी, दिले होते, फाटकाजवळच्या लाल पानांच्या, आत लाकूडही लाल असलेल्या रानसफरचंदाचे. ह्या मुलखात अशी काडी भेट नसते आणि विकतही नसते. ती जपायला दिलेली असते. इथे कुठलं झाड कुठल्या थंडीत जाईल सांगता येत नाही, म्हणून आपलं सगळ्यात चांगलं झाड दुसऱ्याच्या अंगणातही उभं करून ठेवायचं. आपलं मेलं की त्याच्याकडे जायचं, तो काडी कापून देतो. ह्याचा कुठे कागद नसतो. कधी लागलाही नाही.

दुसऱ्या वर्षीच्या मार्चात पारास्का मास्तरकडे गेली आणि काडी मागितली. त्याने खेदाचा चेहरा केला. पाचही सुकल्या म्हणाला, एकसुद्धा धरली नाही, फार वाईट वाटलं. ओस्तापला पुरताना ती रडली नव्हती. त्या दिवशी गाडीत बसून रडली.

आणि आता दहा वर्षांनी ती फोड गालात.

उठून ओरडावं असं तिला वाटलं नाही असं नाही. पण चव हा काय पुरावा? आईझाडाची राख कधीच बागेत मिसळली. तिसरी शिकलेली म्हातारी एकीकडे आणि हेडमास्तर दुसरीकडे. लोकांनी तिच्या पाठीवर थोपटलं असतं आणि घरी जाताना एकमेकांना सांगितलं असतं, की विधवांना सगळ्यातच नवऱ्याची चव लागते.

सभेच्या शेवटी मास्तरने विचारलं, ह्या वर्षी उन्हाळ्यातल्या बागभेटी कोण नेमणार? सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. ह्यासारखं नाठाळ काम नाही. कुणाची बाग कुठल्या शनिवारी, कुणाला आधी बोलावलं म्हणून कोण रुसलं, पाऊस आला तर काय, संडासाची सोय आहे का, गाड्या कुठे लावायच्या. पारास्काने हात वर केला.

"तुम्ही?" मास्तर म्हणाला. "यादी करावी लागते, पत्रं लिहावी लागतात, पारास्काबाई."

"लिहील माझी सून," पारास्का म्हणाली. "मी बोलीन."

सुनेला, डार्लीनला, घरी गेल्यावर हे पटेना. स्वयंपाकघरात कणीक लाटता लाटता ती म्हणाली, "आई, तुम्हाला माणसं आवडत नाहीत."

"म्हणूनच नीट नेमता येतात," पारास्का म्हणाली. "आवडली की गोंधळ होतो."

एप्रिलमध्ये बर्फ वितळलं आणि घराघरातून हाय हाय ऐकू यायला लागलं. त्या हिवाळ्यात बर्फ इतकं खोल होतं, की त्याखाली रानउंदरांनी बोगदे करून झाडांच्या बुंध्याच्या साली कुरतडल्या होत्या. जिकडे जावं तिकडे खोडं पांढरी, हाडं उघडी पडल्यासारखी. पारास्काने ते पाहिलं आणि दोन दिवस ती गावातल्या बागा बघत फिरली. तिसऱ्या दिवशी तिने मंडळापुढे एक साधी गोष्ट मांडली. ह्या वर्षी नुसतं फिरून, चहा पिऊन परत यायचं नाही. प्रत्येक बागेत मालकाने आपलं सगळ्यात चांगलं झाड दाखवायचं, आणि सगळ्यांनी मिळून त्याचा पाय उघडायचा: बुंध्याभोवतीची माती हाताने दीड वीत खाली काढायची, उंदराचे दात दिसतात का, खोडकिड्याचं भोक दिसतं का बघायचं, जाळी बांधायची आणि माती परत लोटायची. बागभेट म्हणजे काहीतरी शिकून जावं.

मास्तरने लगेच अनुमोदन दिलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणी शहाणपणाचं बोललं, म्हणाला. त्याच्या डोक्यात दुसऱ्यांच्या झाडांचे पाय होते. कुणाच्या झाडाला काय झालंय आणि आपण त्याला काय सांगू, हे. आपल्या झाडालाही पाय आहे हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. उलट त्याने पारास्काला बाजूला घेऊन विनंती केली, की रोपवाटिकेच्या बाई ऑगस्टच्या अखेरीस येणार आहेत, तेव्हा फळाने रंग धरलेला असेल, तर शेवटचा मान आमच्या बागेला द्या.

"दिला," पारास्का म्हणाली.

मग तिने काम हाती घेतलं आणि काम म्हणजे काय असतं ते मंडळाला दाखवलं. फोन करताना ती नमस्कार-चमत्कारात वेळ घालवत नसे. अमुक शनिवार, दहा वाजता, बत्तीस माणसं, खुर्च्या तुझ्या, ॲपल-पाय तुझ्या बायकोची, फाटकाशी ब्लीचच्या पाण्याचा टब, बूट बुडवल्याशिवाय कोणी आत यायचं नाही. कुणी कुरकुर केली तर म्हणे, करपा तुझ्या बागेत आला की मग मला फोन करून रड, तेव्हा मला वेळ असेल.

पहिली भेट जुलैच्या पहिल्या शनिवारी इडा फ्रीसनकडे, आंबट चेरी बघायला. इडा तिची चाळीस वर्षांची मैत्रीण. ईस्टरला दरवर्षी बोइचुकांच्या घरी जेवायला असायची. तरी पारास्काने तिला अवाक्षर सांगितलं नव्हतं, कारण इडाच्या कानात सकाळी गेलेलं दुपारपर्यंत तीन घरं फिरून येई. इडाच्या चेरीचा पाय उघडला. लोक आधी अवघडले. चांगल्या कपड्यांत गुडघे टेकून मातीत हात घालायचा म्हणजे काय. पण डास हाकलत दोघीचौघी बसल्या, माती निघाली, उंदराचे ओरखडे दिसले आणि सगळे वाकून बघायला लागले. मग ज्याला त्याला आपल्या झाडाची आठवण झाली.

दुसरी भेट ओलिनिक बंधूंकडे. हे दोघे ब्रह्मचारी भाऊ एका घरात राहत आणि एका पेरणीयंत्रावरून नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. बाग मधोमध दोरी बांधून वाटलेली. सगळ्यात चांगलं झाड कुठलं, तर दोघांची दोन बोटं दोन दिशांना. पारास्का म्हणाली, दोन्ही उघडा, मला काय. दोन पाय उघडले. थोरल्याच्या प्लमला भोक निघालं, तेव्हा धाकटा जो हसला, त्याला नऊ वर्षांतलं सगळं मिळालं.

तिसरी भेट पारास्काकडेच. तिचं आता सगळ्यात चांगलं झाड म्हणजे एक साधं प्लम. त्याचा पाय उघडला तर एका अंगाने उंदरांनी मनगटाएवढी साल खाल्लेली. मास्तरला तेच हवं होतं. बत्तीस माणसांसमोर तो पाव तास बोलला: जाळी ऑक्टोबरातच कशी बांधायला हवी होती, गवत कसं काढायला हवं होतं, आणि अनुभव म्हणजे नुसतं वय नव्हे. पारास्का हातातलं फडकं पिळत खाली बघून ऐकत राहिली आणि म्हणाली, हो मास्तर, चुकलंच माझं. डार्लीन किटली घेऊन उभी होती. सासूच्या तोंडून हे ऐकून तिने किटली खाली ठेवली. आपल्या लग्नापासून हे वाक्य ह्या घरात कुणी ऐकलं नव्हतं.

एवढ्यात लोकांचे हात सरावले होते. कुणी न सांगता ते पिशवीत खुरपी घेऊन यायला लागले.

एक गोष्ट मात्र पारास्काला टोचत होती, आणि ती म्हणजे म्युरिएल. मास्तरची बायको. ओस्ताप दवाखान्यात होता तेव्हा तीन आठवडे ही बाई रोज सुपाचं भांडं आणून दारात ठेवून जायची, आणि भांडं परत मागायलाही आली नाही. शेवटच्या भेटीच्या दोन दिवस आधी पारास्काने तिला फोन लावला. म्युरिएल हॅलो म्हणाली. पारास्काला भेटीच्या दिवशी काय होणार ते सांगायचं होतं, पण तिने विचारलं, की खुर्च्या किती आहेत. चौतीस, म्युरिएल म्हणाली. पुरतील, पारास्का म्हणाली आणि फोन ठेवला.

ऑगस्टचा शेवटचा शनिवार. हवेत सकाळी गारवा आणि शेतं पिवळटलेली. दहा वर्षांत पारास्का ह्या फाटकाच्या आत आली नव्हती. तिने बूट बुडवले आणि मान वर केली, तर हिरवळीच्या मध्यभागी ते उभं होतं. सांगायला लागलंच नाही. फांद्या खोडापासून आडव्या निघून मग वर वळलेल्या, आईझाडाच्या निघायच्या तशाच. आणि फळ टोकाला नाही, आतल्या बाजूला, हात घालून काढावं लागेल असं. तिने दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.

झाडाभोवती पांढऱ्या दगडांचं गोल कडं होतं. कड्याच्या आत माती चांगली हातभर उंच चढवलेली, आणि तीवर दाटीवाटीने झेंडू. वाढदिवसाच्या केकवर झाड खोचावं तसं.

रोपवाटिकेच्या बाई, मिस टॅलबॉट, बूट घालून, वही घेऊन आल्या होत्या. कमी बोलणारी बाई. त्यांनी फळ चाखलं, डोळे मिटले, पुन्हा चाखलं. मास्तर बोलत होता. बी कसं टोचलं, किती हिवाळे वाट पाहिली, उणे चाळिसात आपण रात्री उठून खिडकीतून त्याच्याकडे कसं बघत होतो. पारास्काने ते सगळं ऐकून घेतलं. ते खरं होतं. फक्त खिडकी दुसऱ्याच्या घराची होती. शेवटी बाई म्हणाल्या, की असं टिकाऊ फळ ह्या थंडीत त्यांनी पाहिलं नाही, आणि आजच कागदावर सही झाली तर बरं. मास्तरचा चेहरा उजळला. तो सगळ्यांना चहाच्या टेबलाकडे वळवायला लागला.

"मास्तर," पारास्का म्हणाली, "पाय राहिला."

तो हसला. आज राहू द्या, म्हणाला. हे झेंडू म्युरिएलचे आहेत, ती रागावेल. कोपऱ्यात प्लम आहे, हवा तर त्याचा उघडा.

"सगळ्यात चांगलं झाड, असं ठरलंय," थोरला ओलिनिक म्हणाला.

"तसंच ठरलंय," धाकटा म्हणाला. नऊ वर्षांत दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं आणि लोक झाडाऐवजी त्यांच्याचकडे बघायला लागले.

मास्तर म्हणाला, की मुळं दुखावतील. इडा म्हणाली, माझ्या चेरीची दुखावली नाहीत ती. मास्तरने मग शाळेतला आवाज काढला: माझ्या बागेत काय करायचं ते मी ठरवेन. एरवी त्या आवाजाने माणसं बसली असती. पण बत्तीस माणसं खुरपी घेऊन आलेली, आणि प्रत्येकाने त्या उन्हाळ्यात ह्याच्याकडून आपल्या झाडाच्या पायाबद्दल ऐकून घेतलेलं. कोणी हललं नाही. कोणी चहाकडेही गेलं नाही.

मग घराच्या पायऱ्यांवरून म्युरिएल उतरली. ॲपल-पायची थाळी तिने टेबलावर ठेवली, हात ॲप्रनला पुसले, दगड ओलांडून कड्यात गेली आणि गुडघे टेकून तिने पहिला झेंडू मुळासकट उपटला. मग दुसरा.

"म्युरिएल," मास्तर म्हणाला.

"दहा वर्षं मी इथे झेंडू लावतेय, लॉर्न," ती मागे न बघता म्हणाली. "कंटाळले."

पारास्का तिच्याशेजारी जाऊन बसली. गुडघे कुरकुरले, तिने कुरकुरू दिले. दोघी हाताने माती ओढत राहिल्या. एक वीत गेली. दीड वीत गेली. मग पारास्काच्या बोटांना तो लागला. खोडाला आडवा फुगवटा, मनगटावर जुनं हाड सांधल्यावर राहतो तसा. त्याच्या वर साल करडी, गुळगुळीत. खाली काळपट आणि खवल्यांची. आणि अगदी खाली, मातीत दबलेले तीन-चार फुटवे, वर्षानुवर्षं कापून खुरटलेले, ज्यांना आत्ता उजेड लागला होता. त्यांचे कोंब लाल.

बियाच्या झाडाला जोड नसतो. हे मंडळात कालच आलेल्या माणसालाही ठाऊक असतं. रायवळ झाड मातीतून निघतं ते एकाच कातडीचं असतं. जोड असला म्हणजे कुणीतरी खुंटावर कुणाचीतरी काडी बांधली. मिस टॅलबॉट वाकल्या, त्यांनी जोडावर बोट ठेवलं आणि वही मिटली. बियाचं म्हणाला होतात, एवढंच त्या म्हणाल्या.

पारास्काने अंगठ्याच्या नखाने जोडाच्या वरची साल खरवडली. आत हिरवट पांढरं. मग खालची खरवडली. आत बिटासारखं लाल.

"हा खुंट माझ्या फाटकाजवळच्या झाडाचा," ती म्हणाली. आवाज तिने चढवला नाही. "खालचं माझं आहे, हे लाकूड सांगतंय. वरचं कुणाचं ते मास्तरांनी सांगावं."

मास्तर दगडावर बसला होता. बोलली इडा. तिचे डोळे भरलेले. म्हणाली, की मार्चात फोड खाल्ली तेव्हाच मला ईस्टरचं टेबल आठवलं होतं, ओस्ताप चाकूने फोडी करून वाटायचा ते. पण मास्तर बियाचं म्हणाले, तेव्हा मला वाटलं माझीच जीभ म्हातारी झाली. मागून आणखी कुणी म्हणालं, मलाही. मग आणखी एक. गंमत अशी, की निम्म्या मंडळाने ते ओळखलं होतं आणि प्रत्येकाने आपल्या जिभेपेक्षा मास्तरच्या जिभेवर जास्त विश्वास ठेवला होता. पारास्काला त्यांचाही राग आला. तो तिने पुढच्या कधीसाठी बाजूला ठेवला.

शेवटी मास्तर बोलला. शाळेतला आवाज गेला होता. पाचातली एक काडी धरली होती, म्हणाला. पारास्का मागायला आली तेव्हा कलम गुडघ्याएवढं झालेलं, ह्याच अंगणात, घराच्या मागे. चाळीस वर्षं तो बिया टोचत होता. खाण्यासारखं एक फळ आलं नाही, सगळी डुकरांना घालावी लागली. आणि हिच्या नवऱ्याने एका ओळीत मिळवलं, तेही अडाणी माणसाने. आईझाड जळाल्याचं कळलं तेव्हा मनात आलं, की आता जगात हे एकच आहे आणि ते आपल्या हातात आहे. तेवढा एक दिवस खोटं बोललो, म्हणाला. पुढचं मग आपोआप होत गेलं.

"आपोआप माती चढत नाही," म्युरिएल म्हणाली आणि उपटलेले झेंडू गोळा करायला लागली.

मिस टॅलबॉटनी विचारलं, की मग नाव काय लिहायचं. पारास्काने सांगितलं. बाईंना अक्षरं कळेनात, तेव्हा डार्लीनने वही घेऊन ती लिहून दिली: ओस्ताप. सासूने ते अक्षर अक्षर बोट ठेवून वाचलं, आणि मगच वही परत दिली.

लोकांना वाटलं, झालं. इडा तिचा दंड धरून उठवायला आली. कोणीतरी म्हणालं, आता जाऊ दे, पारास्का, माणूस आहे, वय झालंय. माफ करून टाक, रविवारी चर्चमध्ये तोंड दाखवायचंय सगळ्यांना. मास्तर तोंड वर करून तिच्याकडे बघत होता. त्यालाही वाटलं असावं, की आता ही रडेल किंवा थुंकेल आणि दोन्हीपैकी काहीही झालं तरी ते एकदाचं संपेल. तो म्हणाला, की तो आजच झाड तोडून टाकेल, तिची तशी इच्छा असेल तर.

पारास्का एका हाताने खोड धरून उठली. हाताची माती तिने कोटालाच पुसली आणि मास्तरच्या समोर जाऊन उभी राहिली. आजवर ती त्याला तुम्ही म्हणत आली होती.

"तोडायचं नाव काढू नकोस," ती म्हणाली. "तोडून सुटायचंय होय तुला? मार्चात तू स्वतः काड्या कापशील, वर्तमानपत्रात गुंडाळशील आणि मंडळातल्या घरोघरी चालत जाऊन देशील. प्रत्येक दारात तोंडाने सांगायचं, ही ओस्ताप बोइचुकची, मी चोरली होती. त्यानंतर हे झाड इथेच राहील, तुझ्या खिडकीसमोर. हिवाळ्यात जाळी तू बांधायचीस, मेमध्ये करपा तू बघायचास, पाणी तू घालायचंस. एक फळ तोंडात घालायचं नाहीस. दर उन्हाळ्यात मी भेट नेमीन, शेवटची तुझ्याकडे, आणि सगळ्यांसमोर याचा पाय बघीन. ओस्तापला मी एकदा पुरलंय, पुन्हा पुरणार नाही. तुला मरायची मुभा आहे, लॉर्न. त्याला नाही."